मिरीची निर्यात करण्याआधी
पुण्यात राहून कोकणातील पोफळीच्या बागेत मिरी लावण्याचा आपला विचार मला मनापासून आवडला. मात्र मिरीची पन्नियूर-१ ही जात दाट सावलीत कमी फळते, हे रोपे घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. निर्यातीचा खरा कस वाळवणीत लागतो: घोसातील एक-दोन दाणे तांबडे होताच तोडणी करावी, दाणे सोडवून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावेत आणि ओलावा १२ टक्क्यांखाली येईपर्यंत स्वच्छ ताडपत्रीवर, कधीही उघड्या जमिनीवर नव्हे, उन्हात वाळवावेत, त्यामुळे रंग एकसारखा काळा येतो व बुरशी टळते. परदेशी खरेदीदार एका लिटर मापात किती ग्रॅम मिरी बसते हे तपासतो, म्हणून पोचट दाणे आधीच पाखडून काढावेत. निर्यातीसाठी लागणारा आयात-निर्यात कोड (निर्यातदाराचा सरकारी क्रमांक) आणि केंद्र सरकारच्या मसाले मंडळाची नोंदणी पुण्यातूनच ऑनलाइन करता येईल.