फाशोदाला गोळी का नाही सुटली?

प्रश्न: १८९८ मध्ये सुदानमधल्या (आता दक्षिण सुदान) नाईलकाठच्या फाशोदासाठी इंग्लंड-फ्रान्स युद्धावर आले होते म्हणतात, मग झालं काय नेमकं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: आले होते हो, अगदी काठावर! फ्रान्सला पश्चिमेकडून नाईलपर्यंत पट्टा हवा होता, इंग्रजांना आपल्या कब्जातल्या इजिप्तपायी अख्खी नाईल. तर फ्रेंचांचा मेजर मार्शां काँगोच्या बाजूने निघाला, वाटेत नदी संपली की बोटीचे भाग सुटे करून जंगलातून वाहून न्यायचे (म्हणजे हमालांनी, साहेबांनी नव्हे), असं करत जुलै १८९८ ला शंभर-सव्वाशे सेनेगाली शिपायांसह फाशोदाला पोचला आणि पडक्या किल्ल्यावर झेंडा लावला. सप्टेंबरमध्ये सुदानमधलीच ओमदुरमानची लढाई जिंकून इंग्रज सेनापती किचनर पाच गनबोटी (तोफा लावलेल्या बोटी) घेऊन हजर. दोघं भेटले, व्हिस्की-सोडा घेतला, आणि किचनरने हुशारीने इंग्रजी नाही, इजिप्तचा झेंडा फडकवला, म्हणजे फ्रेंचांना थेट चिडायला जागा नको.

खरा निकाल पॅरिसमध्ये लागला. ड्रायफस प्रकरणाने (एका ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपात शिक्षा झाली होती) देश दुभंगलेला, आरमार इंग्रजांपुढे कमी, शिवाय जर्मनीची धास्ती. परराष्ट्रमंत्री देल्कासेने गुमान माघार घेतली, माझ्या मते शहाणपणाच केला. मार्च १८९९ ला काँगो आणि नाईलची खोरी जिथे वेगळी होतात त्या रेषेवर हद्द ठरली आणि १९०४ च्या दोघांमधल्या करारात इजिप्त इंग्रजांचा, मोरोक्को फ्रेंचांचा अशी देवाणघेवाण झाली. तिथल्या शिलुक लोकांना मात्र कुणी विचारलंच नाही, मार्शांने त्यांच्या राजाशी करार केला होता तोही तसाच हवेत गेला.