बाहेरच्या गिलाव्याचा पहिला हात कसा कालवावा आणि कसा मारावा?

तुमचा प्रश्न असा : विटांच्या नव्या भिंतीला बाहेरून दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, गिलावा करायचा आहे, तर पहिल्या हाताचा माल कोणत्या प्रमाणात कालवायचा आणि दुसरा हात त्यावर नीट धरावा म्हणून काय करायचं?

मी गवंडीकामातला माणूस. बाहेरचा गिलावा सुटतो तेव्हा बहुतेकदा दोष पहिल्या हाताखाली लपलेला असतो. म्हणून आधी भिंतीकडे बघा. विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधल्या फटी, सेंटीमीटरभर खोल खरवडलेल्या हव्यात, काँक्रीटच्या गुळगुळीत खांब-तुळयांना छिन्नीने टोचे मारलेले हवेत, आणि वीट व काँक्रीट जिथे भेटतात त्या सांध्यावर जाळी ठोकलेली हवी. दोन्ही वेगवेगळे प्रसरण पावतात, त्यामुळे जाळी नसेल तर तडा नेमका तिथेच जातो. आदल्या दिवशी भिंत भिजवा. माल मारताना ती ओलसर हवी, पण वर पाणी चकाकता कामा नये. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, निथळती भिंत माल घसरवते.

वाळू जाडसर, खरखरीत घ्या. बारीक वाळूला पाणी जास्त लागतं आणि माल सुकताना आकसून तडकतो. काचेच्या बरणीत वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवा आणि काही तास ठेवून द्या. वर बसलेला गाळ 8 टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या किंवा बदला.

प्रमाण 1:4 ठेवा. सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे साधारण 35 लिटर, तेवढ्याच मापाची चार मापं वाळू. मापासाठी खोका वापरा, घमेल्याचा अंदाज दर खेपेला बदलतो. ओली वाळू फुगते हेही लक्षात असू द्या. त्याच मापात ती कमी भरते आणि माल नकळत जास्त सिमेंटचा होतो. सिमेंट जास्त म्हणजे काम पक्कं, हा समज मला फार खटकतो, कारण असा माल आकसतो जास्त. आधी कोरडंच कालवा, रंग एकसारखा झाला की पाणी थोडं थोडं घाला. फावड्याने ढिगात चर पाडला आणि त्याच्या कडा उभ्या राहिल्या की पाणी पुरेसं झालं. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच माल करा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका.

माल थापीने जोरात फेकून मारा, नुसता चोपडला तर मागे हवा अडकते. ओळंब्यात मालाचे ठिपके (जाडीच्या खुणा) आधी घेऊन ठेवा म्हणजे पट्टीने माल सपाट करताना जाडी सांभाळता येते. 12 ते 15 मिलिमीटर पुरे. भिंत जिथे जास्त आत गेली आहे तिथला खड्डा आदल्या दिवशीच भरून घ्या. ऊन भिंतीवर असताना काम करू नका, सावली सरकेल तसे सरका.

आता रेघा. पट्टी मारल्यावर रंधा (गिलावा घोटायची लाकडी फळी) फिरवून चोपडं करायचा मोह होतो, तो आवरा. बोटाने दाबलं तर ठसा जेमतेम उमटेल इतका माल घट्ट झाला की तारेच्या पंज्याने नागमोडी आडव्या रेघा ओढा, 3 ते 5 मिलिमीटर खोल, दोन सेंटीमीटरच्या अंतराने. लवकर ओढल्या तर माल फाटतो, उशीर झाला तर नुसते ओरखडे उठतात. रेघ विटेपर्यंत जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून किमान दोन-तीन दिवस भिंत ओली ठेवा, मग सुकू द्या. आकसायचं ते पहिल्या हाताने आधीच आकसून घ्यावं. दुसरा हात पहिल्याहून पातळ ठेवा, आणि त्यात सिमेंट जास्त घालू नका, नाहीतर तो आकसताना खालचा थर ओढून काढतो.

दुसरा हात मारण्याआधी थापीच्या मुठीने सगळी भिंत ठोकून बघा. जिथे भदभद आवाज येईल तेवढा भाग विटेपर्यंत काढून, कडा ओल्या करून पुन्हा भरा आणि त्यालाही रेघा ओढा.