नोटा आपल्या, डॉलर परके

प्रश्न: २०२२ साली मी कोलंबोत एका कापड कारखान्यात हिशेबनीस होतो. बँकेत पगाराचे रुपये पडून, तरी पेट्रोलला रात्रभर रांग. नोटा सरकारच छापतं, मग अडलं कुठे?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: डॉलरवर अडलं. बंदराबाहेर थांबलेल्या तेलाच्या जहाजाला श्रीलंकेचे रुपये काय कामाचे?

२०१९ अखेर त्यांची गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, साडेसात अब्ज डॉलरच्या आसपास होती. मग करकपात, कोविड, पर्यटक गायब. सरकारी तिजोरीतली तूट भरायला मध्यवर्ती बँकेने सरकारी रोखे घेऊन रुपये ओतले. इकडे डॉलर आटले, तिकडे रुपये फुगले.

मी बँकेच्या परकीय चलन खात्यात जन्म काढला. आम्ही काय मोजायचो, तर गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल. ते अपुरं, हे मला उशिरा कळलं. सरकारने डॉलरचा दर बांधून धरला असेल, तर खात्यातला प्रत्येक रुपया उद्या डॉलर मागू शकतो, तुमचा पगारसुद्धा! म्हणून एकूण चलनपुरवठा, म्हणजे लोकांकडच्या नोटा आणि बँकांतल्या ठेवी मिळून, गंगाजळीच्या किती पट आहे, तेही पाहायचं.

तिथे डॉलर दोनशे रुपयांवर धरला होता. मार्च २०२२ मध्ये सोडला, मेपर्यंत तो ३६० च्या घरात. १२ एप्रिललाच परदेशी कर्जफेड थांबवली होती. कागदावर गंगाजळी होती म्हणा, पण त्यात चीनशी केलेल्या चलन-अदलाबदलीचे (आपलं चलन देऊन त्यांचं तात्पुरतं घ्यायचं) सशर्त पैसे धरलेले, हवे तेव्हा वापरता न येणारे. हाताशी ५ कोटी डॉलरही नाहीत, हे मे महिन्यात अर्थमंत्री अली साबरींनीच संसदेत सांगितलं.