पहिल्यांदा ब्रूपबला (स्वतःची बिअर तिथेच बनवणारा पब) जाताय? मग एवढं बघा

मेनू बघून अजिबात टेन्शन घेऊ नका. पुण्यात 2009 ला डूलाली हे ब्रूपब आलं तेव्हा आम्हीपण सगळे नवखेच होतो, आता कोरेगाव पार्क-मुंढव्याकडे चॉइस भरपूर आहे. गेल्या गेल्या अख्खा पाइंट (मोठा ग्लास) मागवणं ही सगळ्यात कॉमन चूक, आधी सॅम्पलर सांगा, छोट्या ग्लासांत चार-पाच प्रकार येतात, हलक्यापासून सुरू करा आणि आयपीए (कडवट बिअर) शेवटी घ्या, नाहीतर तो कडूपणा जिभेवर बसतो आणि नंतरची बिअर पाण्यासारखी लागते.

हेफेवायझन नक्की ट्राय करा, गव्हाची असते. गढूळ दिसते म्हणून परत पाठवू नका, ती तशीच असते, आणि केळं-लवंगेसारखा जो वास येतो तो यीस्टमुळे, त्यात इसेन्स वगैरे काही नसतो.

बाकी:
- रिकाम्या पोटी नको, मधेमधे पाणी प्या
- झणझणीत चिकनसोबत आयपीए नको, तिखट अजून झोंबतं, तिथे गव्हाचीच बरी
- आयडी ठेवा, बिअरला 21 पूर्ण लागतात
- गाडी घरीच, येताना रिक्षा किंवा कॅब

हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जाती, आयबीयू (कडूपणाचं माप) वगैरे आत्ता नको. काय आवडलं ते मात्र इथे येऊन सांगा, पुढचं त्यावरून सुचवतो.