गॅस्ट्रिनचा गॅसशी काय संबंध?

सोलापुरातील एका वाचकाने विचारले आहे की, वडिलांच्या रक्ततपासणीच्या अहवालात 'सीरम गॅस्ट्रिन' वाढलेले दिसते. हे गॅस निर्माण करणारे संप्रेरक असल्यामुळे त्याला मराठीत 'वायुजनक' म्हणावे काय, आणि त्याची 'बिग' व 'लिटल' अशी रूपे वाचनात येतात ती कोणती.

वायुजनक मुळीच म्हणू नये. गॅस्ट्रिन हे जठरात आम्ल पाझरवणारे संप्रेरक आहे, गॅसशी त्याचा संबंध नाही. सोलापुरात औषधाच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहावे, 'गॅस्ट्रिकची गोळी द्या' हे शब्द कानी पडतातच. मागणाऱ्याला जठराविषयी काहीही म्हणायचे नसते, त्याला ढेकर आणि पोटफुगीवर उतारा हवा असतो. शेजारच्या कन्नडमध्येही 'ग्यास्ट्रिक' याच अर्थाने रुळलेला असल्यामुळे हा प्रयोग आपल्याकडे अक्कलकोटच्या वाटेने आला असावा, असा माझा तर्क आहे. तो कोठूनही आलेला असो, चुकीचा आहे. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात ब्रसेल्सचा रसायनज्ञ यान बाप्टिस्ट वान हेल्मोंट याने घडवला. त्याचा संबंध आत्मा या अर्थाच्या डच शब्दाशी जोडणारे विद्वान आहेत; परंतु आपला शब्द प्राचीनांच्या 'खाओस'पासून, म्हणजे सृष्टीपूर्वीच्या निराकार पोकळीच्या ग्रीक नावापासून, फारसा दूर नाही, असे खुद्द हेल्मोंटने लिहून ठेवले असताना शब्दाच्या जनकापेक्षा आपल्याला अधिक कळते असे समजण्याचे कारण काय, हे मला उमगलेले नाही.

'गॅस्ट्रिन'चे मूळ ग्रीक 'गास्तेर', म्हणजे पोट. हा शब्द आधी 'ग्रास्तेर' असावा आणि त्याची नाळ कुरतडणे, खाणे या अर्थाच्या ग्रीक धातूशी जुळते, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या धातूचे संस्कृतातील भावंड म्हणजे 'ग्रस्'. म्हणजे गास्तेर हा ग्रासणारा, आणि ज्या ग्रासाने पोटात गॅस्ट्रिन स्रवू लागते तो ग्रास आणि गॅस्ट्रिन एकाच कुळातले! मराठी 'घास'ही मी याच घराण्यात बसवतो. तो 'घस्' धातूपासून आला असे म्हणणाऱ्यांनी जनावरांसमोर टाकायचा घास आणि माणसाच्या तोंडातला घास यांची गल्लत केली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गास्तेरप्रमाणे 'जठर' या शब्दालाही पोट आणि गर्भाशय असे दोन्ही अर्थ आहेत, यावरही पुष्कळ लिहिता येईल. पण अहवाल वाट पाहत आहे.

गॅस्ट्रिन हे नाव 1905 मध्ये लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन एडकिन्स यांनी दिले. जठराच्या शेवटच्या भागातील अस्तराचा अर्क रक्तात सोडला की आम्ल पाझरू लागते, असे त्यांना दिसले होते. पुढे हिस्टामीन या शरीरातच बनणाऱ्या दुसऱ्या रसायनानेही तेच घडते असे आढळल्यावर एडकिन्स यांचे गॅस्ट्रिन म्हणजे हिस्टामीनच, असे म्हणून ते अनेक वर्षे मोडीत काढण्यात आले. 1964 मध्ये लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी ते डुकराच्या जठरातून शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा वाद मिटला. गंमत अशी की गॅस्ट्रिन आपले बरेचसे काम हिस्टामीनकरवीच करून घेते.

आता रूपे. पेशीत प्रथम 80 अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांची, साखळी तयार होते, ती प्रोगॅस्ट्रिन. ती तुटत तुटत 34 कड्यांचे 'बिग' आणि 17 कड्यांचे 'लिटल' गॅस्ट्रिन बनते. यांना थोरले आणि धाकटे म्हणण्याचा मोह होतो, पण ही भावंडे नव्हेत; धाकटे हे थोरल्याचेच शेपूट आहे. आम्ल स्रवण्याची आज्ञा त्या शेपटाच्या अगदी टोकाशी, शेवटच्या चार कड्यांत आणि त्यांना जोडलेल्या अमाइड नावाच्या छोट्या अणुगटात असते, म्हणून दोन्ही रूपे तेच काम करतात. मात्र लहान रूप रक्तातून काही मिनिटांत ओसरते आणि मोठे बराच अधिक वेळ टिकते. प्रोगॅस्ट्रिन आणि अमाइडऐवजी टोकाला ग्लायसीन हे अमिनो आम्ल राहिलेले अर्धवट रूप यांना ही आज्ञा देता येत नाही. त्यांचा प्रभाव मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या वाढीवर दिसतो: ज्या उंदरांच्या शरीरात प्रोगॅस्ट्रिन अधिक बनेल अशी जनुकीय योजना केली, त्यांच्या आतड्यातील पेशींची वाढ बळावली, आणि माणसाच्या मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांतही हे अपुरे रूप सापडते. त्यामुळे 'जठरप्रेरक' हा सुचवला जाणारा प्रतिशब्दही मला पटत नाही, कारण तो अर्ध्या कुटुंबालाच लागू पडतो. शब्द गॅस्ट्रिनच राहू द्यावा.

राहिला वडिलांचा अहवाल. नेहमीच्या चाचण्या प्रामुख्याने अमाइड असलेली रूपेच मोजतात. ती वाढण्याची कारणे परस्परविरुद्ध असू शकतात. झॉलिंजर आणि एलिसन यांनी 1955 मध्ये वर्णिलेल्या विकारात गाठच गॅस्ट्रिन ओतत राहते, आम्लाचा पूर येतो आणि व्रण होतात. उलट जठराचे अस्तर झिजून आम्ल आटले, किंवा ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्यांनी ते अडवले, तर गॅस्ट्रिनला लगाम घालणारे आम्लच उरत नाही आणि ते वाढते. म्हणून रक्त उपाशीपोटी दिले होते काय आणि अशी गोळी चालू होती काय, हे डॉक्टरांना आधी सांगावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. वाढलेल्या गॅस्ट्रिनच्या जोरावर अडवलेले आम्ल पुन्हा उसळून येऊ शकते.