सुट्टी होऊनही शीण जात नाही, तेव्हा

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. सोळा वर्षं झाली. पहिली-दुसरी माझ्याकडे. शिवाय ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम. घरी सासूबाईंना पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं. रात्री दोन-तीनदा उठून त्यांची कूस बदलणं, ओलं झालेलं आवरणं हे मीच करते. मुलगा दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस नुसती पडून होते, पण शाळा सुरू झाली आणि दोन दिवसांत परत तेच. मागच्या आठवड्यात दुसरीतल्या एका मुलीनं माझ्यासाठी रुमालात बांधून बोरं आणली. मी मान वर न करताच 'ठेव तिकडे' म्हणाले. शाळा सुटेपर्यंत बोरं तशीच पडून होती. मला वाईटही वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटते. कधी कधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये. मिस्टर म्हणतात, सगळ्याच बायका करतात, तूच फार मनाला लावून घेतेस. पुण्याचे दीर दर महिन्याला पैसे पाठवतात, म्हणून त्यांना काही बोलता येत नाही. मी दगड झाले आहे का?

उत्तर : प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला आधी घ्यायचं आहे. 'सकाळी उठूच नये' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. पुष्कळदा त्याचा अर्थ 'आता हे थांबावं' एवढाच असतो. पण जीव द्यावा, असा विचार मनात येतो का, कसा द्यायचा हेही कधी डोक्यात येऊन जातं का? उत्तर 'हो' असेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर हे पत्र पुढे वाचण्याआधी १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत लागतो, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि त्या रात्री एकट्या राहू नका. मिस्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा.

आता तुमचा प्रश्न. दगड झालेल्या बाईला बोरांची आठवण राहत नाही. तुम्हाला तर रुमालसुद्धा आठवतोय.

तुम्हाला जे झालंय त्याला 'बर्नआउट' म्हणतात, आणि ते नवीन नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणाऱ्यांबद्दल लिहिलं. लोकांसाठी राबणारी ही माणसं काही काळानं रिकामी होत होती, चिडकी, कोरडी होत होती. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मास्लाक यांनी यातल्या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या : न फिटणारा थकवा, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्यापासून मनानं तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या स्थितीची हीच लक्षणं नोंदवली. 'ठेव तिकडे' हे त्यातलं दुसरं लक्षण आहे. द्यायला काही उरलं नाही की मन दार लावून घेतं. त्यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही.

मग आठ दिवस पडून राहून बरं का वाटलं नाही? त्या आठ दिवसांत सासूबाईंसाठी रात्री कोण उठत होतं? तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. शाळेला सुट्टी होती, रात्रपाळीला नव्हती. शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक असतं. पहाटे वाढून ते आपल्याला उठवतं, रात्री उतरतं. दीड वर्ष रात्री तुकड्यातुकड्यांत झोपणाऱ्या, दिवसभर घड्याळाकडे बघत धावणाऱ्या माणसाची ही लय बिघडते. थकलेलं असूनही झोप लागत नाही, सकाळी अंग जड, बारीकशा आवाजानंही चिडचिड. ही झीज दुपारच्या डुलकीनं भरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. शाळेचा जाच खराच आहे, पण सुरुवात रात्रीपासून करा. योगासनं, ध्यान, सकाळचं फिरणं हे सगळं चांगलंच, पण आज ते सांगणं म्हणजे तुमच्या यादीत आणखी एक काम घालणं. तुम्हाला आधी सलग झोप हवी.

मिस्टरांशी बोलताना 'मी थकले' म्हणू नका, ते त्यांनी ऐकून झालंय. वार सांगा. 'सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार आईंजवळ रात्री तुम्ही झोपायचं. मी दुसऱ्या खोलीत, दार लावून.' आई त्यांचीच आहे. कूस कशी बदलायची, पाठीला कुठे लाली येते ते एकदा दाखवून द्या, आणि मग खोलीत जाऊ नका. पहिले काही दिवस त्यांच्या हातून गादी ओली होईल. होऊ दे. एअर मॅट्रेस आणि रात्रीपुरते मोठ्यांचे डायपर घेतले तर उठणं कमी होतं का, हे डॉक्टरांना विचारा. कूस किती वेळानं बदलायची तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

दिरांचे पैसे येतात ही चांगलीच गोष्ट आहे, पण पैशानं रात्र जागली जात नाही. त्या पैशांतून गावातली एखादी मावशी रात्रीपुरती मिळते का बघा. मिळत नसेल तर मे महिन्यात आई पंधरा दिवस पुण्याला, किंवा दीर-जाऊबाई तुमच्याकडे, हे आत्ताच ठरवा. आणि हा फोन मिस्टरांनी करायचा. सून बोलली की ती तक्रार होते, मुलगा बोलला की भावाभावांतला विषय होतो. हे बरोबर नाही, पण आपल्या घरांत आज तरी असंच आहे.

या आठवड्यात रक्त तपासून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही सांगा. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर थकवा नुसत्या विश्रांतीनं उतरत नाही. तपासण्या ठीक आल्या आणि शाळेबाहेरही कशातच मन लागत नसेल, माहेरचं माणूस आलं तरी बोलावंसं वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. औषध लागलं तर घ्या.

आता शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावू नये असं म्हटलंय. म्हणजे बीएलओ सहजी सुटणार नाही. त्यावर आत्ता शक्ती घालवू नका. त्यापेक्षा रजा बघा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते. सोळा वर्षांत बरीच साठली असेल. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. मुलगा अठराच्या आतला असल्यानं बालसंगोपन रजेचंही विचारा. एकूण १८० दिवसांची ती तरतूद २०१८ मध्ये झाली.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या सरांवर चारही वर्ग पडतील, ही टोचणी तुम्हाला लागणारच. म्हणून त्यांना आणि केंद्रप्रमुखांना आधी सांगा, म्हणजे जवळच्या शाळेतून कुणाला काही दिवस पाठवता येतं का ते बघता येईल. पण ही सोय होईपर्यंत अर्ज अडवून ठेवू नका. आणि घरातल्या रात्रींची वाटणी होण्याआधी रजेवर जाऊ नका, नाहीतर ती रजा दिवसाच्या शुश्रूषेत जाईल.

रात्री आठनंतर शिक्षकांच्या ग्रुपचा आवाज बंद ठेवा. तातडीचं असेल तर फोन येतोच.

बरं व्हायला महिने लागतील. झोप सुधारली तरी मुलांबद्दलची ओढ लगेच परत येणार नाही, ती मागून येते. तोवर वर्गात ओढ वाटलीच पाहिजे असा हट्ट नको. सकाळी हजेरी घेताना एका मुलाकडे नीट बघून त्याचं नाव घेतलंत, तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ आहे.

रक्ताचे रिपोर्ट आणि मिस्टरांचं उत्तर, दोन्ही मला कळवा. ते 'नाही' म्हणाले तरी लिहा, पुढे काय करायचं ते आपण बघू.

तुमची,
ताई