अंगणातलं काँक्रीट आणि पावसाळ्यानंतरची भेग

प्रश्न : कोथरूडला आमचं जुनं बैठं घर आहे. पावसाळ्यात अंगणातल्या काँक्रीटवर शेवाळ धरलं, फाटकापाशी भेग पडली. गवंडी म्हणतो, वरून सिमेंटचं पाणी फिरवू. कॅनडातला मुलगा म्हणतो, तिकडे थंडीनंतर सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) मारतात. काय करू?

उत्तर : ताई, सिमेंटचं पाणी नको, उन्हाळ्यात त्याचे पापुद्रे निघतील. कॅनडात भेगेतलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काँक्रीट फोडतं. पुण्यात ती धास्ती नाही. इथे त्रास साचलेल्या पाण्याचा, म्हणून आधी बादलीभर पाणी ओतून उतार बघा. शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासून काढा. त्यात अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. शिवाय अ‍ॅसिड सिमेंट खातं.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा. महिन्याभरात ती पुढे सरकली नाही तर छिन्नीने जरा रुंद करून, धूळ झाडून, ओलसर करून पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला दाबून भरा. सरकली तर लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच, म्हणजे भेग बुजवणारं रबरासारखं भरण, हवं. सीलर मारायचाच तर दिवाळीनंतर, अंगण खडखडीत वाळल्यावर. गवंडी घाई करेलच, करू दे.